अमेरिका आणि इराण: जुन्या वैराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका आणि मुस्लिम देशांचे संबंध हा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांना जाऊन बसते. एक जण म्हणतो, अमेरिका मुसलमानांच्या मुळावर उठली आहे. दुसरा म्हणतो, त्या लोकांना अमेरिकेचं स्वातंत्र्य बघवत नाही. दोघांनाही तारखा, करार आणि तेलाचा हिशेब यांच्याशी फारसं देणंघेणं नसतं. म्हणून इथे इराण हा एकच देश घेतला आहे. त्याची बरीचशी कागदपत्रं आता उघडी झाली आहेत आणि दोन्ही बाजूंच्या चुका नावानिशी सांगता येतात. माहितीच्या जोडीला इथे मतंही आहेत. रोजच्या घडामोडींसाठी वर्तमानपत्र वाचावं, या पानावर त्यामागचा इतिहास आहे.

अमेरिकेचं भांडण इस्लामशी आहे का?

नाही. अमेरिकेच्या वागण्यातूनच ते दिसतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट सुएझ कालव्यातल्या एका तळ्यात नांगरलेल्या युद्धनौकेवर सौदी अरबस्तानच्या राजाला भेटले आणि पुढे कित्येक दशकं टिकलेल्या दोस्तीची पायाभरणी झाली. सौदी राजवटीइतकी कडवी धार्मिक राजवट त्या काळी शोधूनही सापडली नसती, पण अमेरिकेला त्याची अडचण वाटली नाही. १९५६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएलने इजिप्तवर हल्ला केला तेव्हा आयझेनहॉवर यांनी आपल्याच मित्रांना माघार घ्यायला लावली. १९८० च्या दशकात सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या अफगाण मुजाहिदीनांना शस्त्रं पुरवली. १९९५ मध्ये बोस्नियात आणि १९९९ मध्ये कोसोवोत अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले ते मुस्लिम लोकवस्तीवर अत्याचार करणाऱ्या सर्ब फौजांवर.

उलट अमेरिकेने ज्यांना शत्रू मानलं त्यांतले कितीतरी जण धर्माचं राजकारण करणारे नव्हते. इराणचे मोसादेक नव्हते, इजिप्तचे नासर नव्हते, इराकचा सद्दाम हुसेनही नव्हता. तेल कोणाच्या हातात, रशिया कुठवर आला आणि इस्राएलची सुरक्षितता, या तीन गोष्टींभोवती अमेरिकेचं तिथलं धोरण फिरत राहिलं.

पण हे उत्तर देऊन हात झटकता येत नाहीत. ज्याचं घर बॉम्बखाली गेलं त्याला धोरण आणि धर्म यातला फरक समजावून सांगण्यात अर्थ नसतो. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला, ज्यांच्या नावाने झाला ती महाविनाशक शस्त्रं सापडली नाहीत आणि लाखो कुटुंबं उद्ध्वस्त झाली. त्या घरांमधून अमेरिकेकडे धर्माच्या चष्म्यातून पाहिलं गेलं, तर दोष पाहणाऱ्याला देता येत नाही.

हे वैर १९७९ च्या क्रांतीपासून सुरू झालं ना?

अमेरिकी माणसाला विचारलं तर तो १९७९ म्हणेल. इराणी माणूस १९५३ म्हणेल. आमचं मत स्पष्ट आहे: १९५३ समजून घेतल्याशिवाय १९७९ कळत नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

१९०१ मध्ये इराणच्या बादशहाने एका इंग्रज उद्योजकाला जवळजवळ सगळ्या देशातलं तेल शोधण्याचा हक्क दिला. इराणच्या वाट्याला निव्वळ नफ्याचे १६ टक्के. १९०८ मध्ये मस्जिद सुलेमान इथे तेल लागलं. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनेच त्या कंपनीत बहुमताचा वाटा विकत घेतला, कारण आरमार कोळशावरून तेलावर आणायचं होतं. पुढे आबादानचं तेलशुद्धीकरण केंद्र जगातलं सगळ्यात मोठं झालं. हिंदुस्थानातूनही हजारो कामगार आणि कारकून तिथे नोकरीला गेले होते. इंग्रज अधिकाऱ्यांसाठी हिरवळी, क्लब आणि पोहण्याचे तलाव होते, तर इराणी मजूर कागझाबाद नावाच्या झोपडवस्तीत पाण्याविजेवाचून राहत. इराणला मिळणाऱ्या हिश्शापेक्षा ब्रिटिश सरकारला त्याच तेलावरच्या करातून जास्त पैसे मिळत होते. डिसेंबर १९५० मध्ये शेजारच्या सौदी अरबस्तानला अमेरिकी कंपन्यांनी निम्मा नफा देऊ केला, तेव्हा इराणमधला राग अनावर झाला.

मार्च १९५१ मध्ये इराणच्या संसदेने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि पुढच्याच महिन्यात मोहम्मद मोसादेक पंतप्रधान झाले. स्वित्झर्लंडमध्ये कायदा शिकलेला, खानदानी घराण्यातला, तब्येतीने नाजूक असा हा माणूस कितीदा तरी अंथरुणावर पायजम्यातच बसून परदेशी पाहुण्यांशी वाटाघाटी करायचा. ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार घातला आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं. जुलै १९५२ मध्ये त्या न्यायालयाने हा वाद आपल्या कक्षेत येत नाही असं सांगितलं. इराणच्या दृष्टीने तो विजयच होता.

ब्रिटनला मोसादेक यांना पाडायचं होतं, पण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन सत्तापालटाला तयार नव्हते. जानेवारी १९५३ मध्ये आयझेनहॉवर आले आणि वारं फिरलं. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलस आणि सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे प्रमुख ॲलन डलस हे सख्खे भाऊ. सीआयएचा कर्मिट रूझवेल्ट, माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा नातू, तेहरानमध्ये जाऊन बसला. १५ ऑगस्टच्या रात्री मोसादेक यांना बडतर्फ करणारं इराणच्या बादशहांचं, म्हणजे शहांचं, फर्मान घेऊन एक कर्नल त्यांच्या घरी गेला आणि स्वतःच अटकेत पडला. शहा विमानात बसून बगदादला पळाले, तिथून रोमला. डाव फसला असं सगळ्यांना वाटलं. पण चारच दिवसांनी, १९ ऑगस्टला, पैसे वाटून जमवलेले जमाव रस्त्यावर उतरले. त्यांच्यात तेहरानच्या तालमींमधले पहिलवानही होते. त्यांना सैन्यातल्या तुकड्या मिळाल्या आणि मोसादेक यांच्या घरावर रणगाडे चालून गेले. त्या दिवशी दोन-तीनशे माणसं मेली. मोसादेक यांना तीन वर्षं तुरुंगवास झाला आणि त्यानंतर १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते आपल्या गावी नजरकैदेत राहिले.

१९५४ मध्ये तेलाची नवी वाटणी झाली. अमेरिकी कंपन्यांना ४० टक्के वाटा मिळाला. आधी तो शून्य होता.

पण मोसादेक कम्युनिस्टांच्या आहारी गेले होते, असंही वाचलं आहे. ते खरं नाही का?

इराणमधला तुदेह हा कम्युनिस्ट पक्ष बळकट होता आणि शीतयुद्ध ऐन भरात होतं, त्यामुळे वॉशिंग्टनची भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. पण मोसादेक स्वतः कम्युनिस्ट नव्हते. घराण्याने जमीनदार, विचाराने राष्ट्रवादी आणि घटनेला धरून चालणारे गृहस्थ होते ते. शेवटी शेवटी त्यांनी संसद विसर्जित करण्यासाठी सार्वमत घेतलं, आणि त्यात होकार आणि नकार देणाऱ्यांच्या मतपेट्या वेगळ्या ठेवल्या. हे लोकशाहीला शोभणारं नव्हतं, आणि त्यांच्यावरची ती टीका रास्तच आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेक लेखांमध्ये गाळली जाते. आयातुल्ला काशानी हे वजनदार धर्मगुरू सुरुवातीला मोसादेक यांच्या बाजूने होते, नंतर त्यांच्या विरोधात गेले. धर्मगुरूंचा मोठा गट १९५३ मध्ये शहांकडे झुकला होता. आजची इस्लामी राजवट १९५३ च्या जखमेची आठवण अमेरिकेला वारंवार करून देते, पण आपल्याच पूर्वसुरींनी त्या दिवसांत काय केलं ते सहसा सांगत नाही.

शहांच्या काळात इराण आधुनिक होत होता. मग लोक उठले कशासाठी?

रस्ते झाले, कारखाने झाले, १९६३ मध्ये बायकांना मताचा अधिकार मिळाला. हे सगळं खरं आहे. पण मत देऊन सरकार बदलता येत नव्हतं. १९५७ मध्ये सीआयएच्या मदतीने सावाक ही गुप्त पोलीस संघटना उभी राहिली आणि तिच्या छळाच्या कहाण्या घराघरात पोचल्या. १९६४ मध्ये इराणमधल्या अमेरिकी लष्करी लोकांवर इराणी न्यायालयात खटला चालणार नाही असा कायदा झाला. त्याच्याविरुद्ध भाषण केलं म्हणून आयातुल्ला खोमेनी यांना देशाबाहेर घालवलं. १९६३ मध्ये त्यांच्या अटकेवरून दंगली उसळल्या तेव्हापासूनच हे नाव देशभर माहीत झालं होतं. एका अपमानास्पद कायद्याने एका धर्मगुरूला राष्ट्रवादाचा पुढारी केलं.

मोसादेक यांचे अनुयायी, डावे, विद्यार्थी, पत्रकार असे विरोधाचे बाकीचे सगळे मार्ग शहांनी बंद केले. मशीद तेवढी उरली, कारण ती बंद करता येत नव्हती. म्हणून १९७८ मध्ये लोक मशिदींमधून रस्त्यावर आले. ३१ डिसेंबर १९७७ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष कार्टर तेहरानमधल्या मेजवानीत शहांच्या इराणला अशांत प्रदेशातलं स्थैर्याचं बेट म्हणत होते, आणि त्यानंतर साधारण वर्षभराने, १६ जानेवारी १९७९ ला, शहा देश सोडून गेले.

अमेरिकी दूतावासात लोकांना ओलीस धरलं, त्याचं समर्थन करता येईल का?

नाही. ४ नोव्हेंबर १९७९ ला विद्यार्थी दूतावासात घुसले. ५२ माणसं ४४४ दिवस कैदेत होती. दूतावासातल्या कारकुनाने आणि पहारेकऱ्याने मोसादेक यांना पाडलं नव्हतं. वकिलातीला हात लावायचा नाही हा संकेत शत्रूसुद्धा पाळतात. नव्या सरकारने तो मोडू दिला आणि पुढे त्याचं कौतुक केलं. ज्यांना लोकशाही हवी होती ते मेहदी बाझरगान पंतप्रधानपदाचा राजीनामा देऊन बाजूला झाले आणि कडव्या गटाला रान मोकळं मिळालं. इराणचं त्यातून जे नुकसान झालं ते अजून भरून निघालेलं नाही.

विद्यार्थ्यांच्या डोक्यात मात्र एक भीती पक्की होती. २२ ऑक्टोबरला अमेरिकेने आजारी शहांना उपचारासाठी न्यूयॉर्कला येऊ दिलं. १९५३ मध्येही शहा पळाले होते आणि दूतावासातल्या माणसांनी त्यांना परत आणलं होतं. आता पुन्हा तेच होणार असं त्यांना वाटलं. दूतावासातल्या लोकांनी घाईघाईत यंत्रात घालून कागदांच्या पट्ट्या पट्ट्या केल्या होत्या. विद्यार्थ्यांनी त्या पट्ट्या जमिनीवर पसरून, एकीला एक लावून पुन्हा जोडल्या आणि पुढे त्यांचे खंडच्या खंड छापले.

एप्रिल १९८० मध्ये सुटकेसाठी पाठवलेली अमेरिकी मोहीम तबसच्या वाळवंटात कोसळली आणि आठ सैनिक मेले. ओलिसांची सुटका २० जानेवारी १९८१ ला झाली, रेगन यांनी शपथ घेतल्यावर काही मिनिटांतच.

इराण-इराक युद्धात अमेरिका कोणाच्या बाजूने होती?

सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम हुसेनने इराणवर हल्ला केला. युद्ध आठ वर्षं चाललं. अमेरिकेने १९८२ मध्ये इराकला दहशतवादाला मदत करणाऱ्या देशांच्या यादीतून काढलं, कर्ज मिळवून दिलं, इराणी फौजांच्या हालचालींची माहिती पुरवली. इराकने इराणी सैनिकांवर विषारी वायू सोडला, १९८७ मध्ये सरदश्त या गावातल्या सामान्य माणसांवर सोडला आणि मार्च १९८८ मध्ये हलब्जा इथे आपल्याच देशातल्या हजारो कुर्दांना त्याने मारलं, तरीही ही मदत थांबली नाही. वायूने फुप्फुसं जळालेली माणसं इराणमध्ये पुढे कित्येक वर्षं खोकत खोकत जगली. बरोबर पंधरा वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच सद्दामकडे अशी शस्त्रं असल्याचं कारण देऊन युद्ध पुकारलं गेलं.

याच युद्धाच्या दरम्यान रेगन यांच्या माणसांनी लेबनॉनमधल्या ओलिसांच्या बदल्यात इराणलाही चोरून क्षेपणास्त्रं विकली आणि तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला. नोव्हेंबर १९८६ मध्ये हे उघडकीस आलं. शत्रू आणि मित्र दोघांनाही शस्त्रं देणारा देश विश्वास कशाच्या जोरावर मागणार?

प्रवासी विमान पाडल्याचं प्रकरण काय आहे?

३ जुलै १९८८. इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं विमान सकाळी १० वाजून १७ मिनिटांनी बंदर अब्बासहून दुबईसाठी उडालं. अर्ध्या तासाचा प्रवास, ठरलेला हवाई मार्ग. खाली होर्मुझच्या सामुद्रधुनीत व्हिन्सेन्स ही अमेरिकी युद्धनौका इराणी गस्ती बोटींशी गोळीबारात गुंतली होती आणि बोटींचा पाठलाग करता करता इराणच्या सागरी हद्दीत शिरली होती. बंदर अब्बासचा विमानतळ नागरी आणि लष्करी असा दोन्ही वापराचा. नौकेवरच्या लोकांनी वर येणाऱ्या विमानाला एफ-१४ लढाऊ विमान समजलं. विमान खाली झेपावतंय असं कुणीतरी ओरडलं. प्रत्यक्षात ते उंची घेत होतं, आणि नौकेच्या स्वतःच्या संगणकातही तशीच नोंद होत होती. १० वाजून २४ मिनिटांनी दोन क्षेपणास्त्रांनी विमानाचे तुकडे झाले.

२९० माणसं गेली. त्यांत साठाहून जास्त मुलं होती. दहा भारतीयही होते.

हा खून ठरवून केलेला नव्हता, असं आम्हालाही वाटतं. गोंधळ, घाई आणि उतावळेपणा यांतून ते घडलं. पण पुढे जे झालं ते जास्त लागतं. सुरुवातीच्या सरकारी खुलाशात नौका कुठे होती हेसुद्धा खरं सांगितलं गेलं नाही. कप्तानाला त्याच्या कारकिर्दीबद्दल पदक मिळालं. १९९६ मध्ये अमेरिकेने मृतांच्या कुटुंबांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, खेद व्यक्त केला, पण जबाबदारी मान्य केली नाही. जगात इतरत्र फारसं कुणाला हे आठवत नाही. इराणमध्ये मात्र दर वर्षी त्या दिवशी बोटी समुद्रात जातात आणि पाण्यावर फुलं वाहिली जातात.

८ जानेवारी २०२० ला तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच रिव्होल्यूशनरी गार्ड या लष्करी दलाने पाडलं आणि १७६ माणसं मारली. इराण सरकार तीन दिवस नाही नाही म्हणत राहिलं. मेलेल्यांत बहुसंख्य इराणी किंवा इराणी वंशाचे होते. ज्या सरकारने १९८८ चं दुःख तीस वर्षं सांगितलं, त्याने आपल्याच लोकांशी तसंच वागावं हे संतापजनक आहे.

संबंध सुधारण्याची संधी कधी आलीच नाही का?

आली, आणि एकदा नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर तेहरानमध्ये तरुण मुलंमुली मेणबत्त्या घेऊन अमेरिकेच्या दुःखात सहभागी झाली. तालिबान हा इराणचाही शत्रू होता. डिसेंबर २००१ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात अफगाणिस्तानचं नवं सरकार ठरत असताना इराणी प्रतिनिधी जवाद झरीफ यांनी अडलेला तोडगा मार्गी लावायला मदत केली. समोर बसलेले अमेरिकी दूत जेम्स डॉबिन्स यांनी पुढे ते जाहीरपणे सांगितलं. आणि २९ जानेवारी २००२ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी इराणला इराक आणि उत्तर कोरियाच्या रांगेत बसवून दुष्टांच्या आसाचा (ॲक्सिस ऑफ ईव्हिल) भाग म्हटलं.

त्या वेळी इराणमध्ये खातमी हे सुधारणावादी अध्यक्ष होते. अमेरिकेशी बोलून उपयोग होतो, असं ते आपल्या विरोधकांना पटवत होते. या भाषणाने त्यांचं तोंड बंद झालं आणि कडव्यांना हवा तो पुरावा हातात मिळाला. ही आमच्या मते अलीकडच्या काळातली अमेरिकेची सगळ्यात महागात पडलेली चूक. इराकवरच्या हल्ल्याच्या तुलनेत ती लहान वाटेल, पण ती टाळायला एक छदामही लागला नसता.

अणुकरार काय होता आणि तो का मोडला?

इराणच्या अणुकार्यक्रमाची सुरुवात अमेरिकेनेच करून दिली. १९५७ मध्ये करार झाला आणि १९६७ मध्ये तेहरानला संशोधन अणुभट्टी मिळाली, तीही अमेरिकी बनावटीची. क्रांतीनंतर कार्यक्रम थंडावला, नंतर गुपचूप वाढला. नतान्झचं युरेनियम समृद्धीकरण केंद्र २००२ मध्ये उघड झालं ते विरोधकांनी गौप्यस्फोट केला म्हणून. लपवाछपवी इराणने केली, आणि जगाला संशय आला तर त्यात नवल नाही.

बऱ्याच वाटाघाटींनंतर १४ जुलै २०१५ ला व्हिएन्नात करार झाला. इराणने युरेनियमचं समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांपर्यंतच ठेवायचं, साठा ३०० किलोपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही, समृद्धीकरणाची दोन-तृतीयांश यंत्रं बंद करायची आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना आत येऊ द्यायचं. बदल्यात निर्बंध उठणार. बॉम्बसाठी साधारण ९० टक्के समृद्ध युरेनियम लागतं, यावरून ३.६७ चा अर्थ कळेल. निरीक्षक एकामागून एक अहवालात सांगत होते की इराण करार पाळतो आहे. तरी ८ मे २०१८ ला ट्रम्प बाहेर पडले. इराणने आणखी वर्षभर मर्यादा पाळल्या, मग एकेक मोडत गेला. एप्रिल २०२१ मध्ये समृद्धीकरण ६० टक्क्यांवर पोचलं. जून २०२५ मध्ये आधी इस्राएलने हल्ला केला आणि मग २२ जूनला अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या केंद्रांवर बॉम्ब टाकले.

कराराला मुदती होत्या, क्षेपणास्त्रं त्यात नव्हती, लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेला होणारी मदत त्यात नव्हती. टीकाकारांचे हे मुद्दे बरोबर आहेत. पण चालू असलेला, तपासता येणारा करार मोडून हाती काय आलं? ३.६७ चे ६० झाले. यापुढे कुठलाही देश अमेरिकेच्या सहीकडे पाहताना विचारणार की ही सही पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकेल का.

निर्बंध सरकारवर असतात, लोकांवर नाही. मग सामान्यांना त्रास का होतो?

कागदावर औषधं आणि अन्न यांना सूट आहे. पण औषध घ्यायचं तर पैसे पाठवावे लागतात, आणि अमेरिकेच्या दंडाच्या धास्तीने बँका इराणचं नाव आलं की व्यवहारच नाकारतात. त्वचा फोडांनी सोलवटून निघते अशा एका दुर्मिळ आजाराच्या मुलांसाठी युरोपातून खास पट्ट्या जात असत. २०१८ नंतर त्या यायच्या थांबल्या. साधी पट्टी लावली की काढताना कातडी निघून येते. ते मूल कुठल्या अणुकेंद्रात काम करत नव्हतं.

करार झाला तेव्हा एका डॉलरला साधारण ३२ हजार रियाल पडत. २०२५ मध्ये हा भाव दहा लाखांच्या पुढे गेला. शिक्षक, निवृत्त माणसं, छोटे दुकानदार यांची आयुष्यभराची बचत त्यात विरघळली. रिव्होल्यूशनरी गार्डशी संबंधित लोकांनी चोरट्या व्यापारातून मात्र बक्कळ कमाई केली. सरकारमधला भ्रष्टाचार आणि गलथानपणा यांचाही वाटा त्यात मोठा आहे, आणि इराणी लोक तो रस्त्यावर येऊन सांगतात.

म्हणजे तुम्ही इराणच्या राजवटीची बाजू घेता?

अजिबात नाही. १९८८ मध्ये तुरुंगातल्या हजारो राजकीय कैद्यांना काही मिनिटांच्या चौकशीनंतर फासावर चढवणारी, १६ सप्टेंबर २०२२ ला महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी पोलिसांच्या ताब्यात असताना मेल्यावर निदर्शकांवर गोळ्या झाडणारी ही राजवट आहे. १९८३ मध्ये बैरुतमध्ये तिच्या पाठबळावर वाढलेल्या गटांनी केलेल्या स्फोटात २४१ अमेरिकी सैनिक मेले. अमेरिकेने काय केलं हे सांगणं म्हणजे यावर पांघरूण घालणं नव्हे. इराणी जनतेची दोन्हीकडून कोंडी झाली आहे. घरात दडपशाही, बाहेरून निर्बंध आणि बॉम्ब. आमची सहानुभूती त्या जनतेकडे आहे.

इस्राएलशी इराणचं वैर पहिल्यापासून होतं का?

नाही. शहांचा इराण इस्राएलला तेल विकत असे. फेब्रुवारी १९७९ मध्ये क्रांतीनंतर तेहरानमधली इस्राएली कचेरी यासर अराफत यांच्या संघटनेच्या हवाली करण्यात आली. पॅलेस्टाइनचा प्रश्न खरा आहे, तिथल्या माणसांचे हाल खरे आहेत, आणि अमेरिका संयुक्त राष्ट्रांत पुन्हा पुन्हा नकाराधिकार वापरते याचा राग मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत आहे. हा राग वॉशिंग्टनने कमी लेखला.

अमेरिकेने १९५३ बद्दल कधी माफी मागितली का?

मार्च २००० मध्ये परराष्ट्रमंत्री मॅडेलीन ऑलब्राइट यांनी सत्तापालटातला अमेरिकेचा हात जाहीरपणे मान्य केला. जून २००९ मध्ये ओबामा कैरोतल्या भाषणात तेच बोलले. २०१३ मध्ये सीआयएची कबुली देणारी कागदपत्रं खुली झाली. कबुली आहे, औपचारिक माफी नाही.

यात आपलं काय अडलंय?

बरंच. २०१९ पर्यंत इराण हा भारताच्या मोठ्या तेलपुरवठादारांपैकी एक होता आणि त्याला काही रक्कम रुपयांत चुकवता येत असे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंधांतून दिलेली सवलत संपवली आणि भारताने इराणी तेल घेणं थांबवलं. स्वस्त आणि जवळचं तेल दुसऱ्याच्या भांडणापायी सोडावं लागलं. चाबहार बंदराचंही तसंच. पाकिस्तानला वळसा घालून अफगाणिस्तान आणि मध्य आशियात पोचण्याचा तो आपला रस्ता. मे २०२४ मध्ये भारताने दहा वर्षांचा करार केला, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने निर्बंधांतून बंदराला दिलेली सूट काढून घेत असल्याचं जाहीर केलं, मग काही महिन्यांची मुदत दिली. दिल्लीने यावर आणखी ठाम बोलायला हवं होतं असं आम्हाला वाटतं.

२०२४ मध्ये होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगाच्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा जात होता. स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त आपण आयात करतो, आणि त्यातला बहुतांश आखातातून येतो. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली माणसं दुबई, कुवेत, कतारला नोकरीला किंवा जहाजांवर आहेत. तिथे क्षेपणास्त्र उडालं की चिपळूण-महाडला फोन वाजायला लागतात.

दोन्ही देशांत एकमेकांचे दूतावास नाहीत. मग निरोप पोचतात कसे?

एप्रिल १९८० पासून राजनैतिक संबंध तुटलेले आहेत. तेहरानमध्ये अमेरिकेचं काम स्वित्झर्लंडचा दूतावास पाहतो, वॉशिंग्टनमध्ये इराणचं काम पाकिस्तानच्या दूतावासातल्या एका कक्षातून चालतं. नाजूक बोलणी बऱ्याचदा ओमानमार्फत होत आली आहेत. २०१५ च्या कराराकडे नेणारी पहिली गुप्त भेटही मस्कतमध्येच झाली होती. तेहरानमधली जुनी अमेरिकी वकिलातीची इमारत आता संग्रहालय आहे. तिथे तिकीट काढून आत जाता येतं.